तीट लावलेले शब्द

कोणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवून रेवदंड्यात आजवर कोणाचं भलं झालेलं नाही. पण माझ्या नातीने आज जर्मनीतल्या एका इस्पितळाच्या मोठ्या नर्सबाईला खुर्चीवरून उठून उभं केलं. आमच्या माजघरात बसून. फोनवरून.

हे मी सांगितलं ते जेट्टीकडच्या रिक्षा स्टँडवर, चहाच्या टपरीसमोर, दुपारच्या वेळी. ऐकायला चंदर होता. चंदरची रिक्षा अलिबागच्या रस्त्यावर धावते, आणि धावत नसते तेव्हा तो मागच्या सीटवर आडवा होऊन माझ्या गोष्टी ऐकतो. त्या ऐकून झोप चांगली लागते असं तो लोकांना सांगतो.

"उठून उभं केलं म्हंजे?" त्याने एक डोळा उघडून विचारलं.

"म्हणजे बाई उठली आणि तिने हात जोडले. जर्मन लोकांत हात जोडायची पद्धत नाही. तरी जोडले."

"मग चाचा, पेढे कुठायत? आणि एवढी मोठी गोष्ट झाली नि तुम्ही घर सोडून इथे काय करताय?"

"घरात उकडतंय," मी म्हणालो, आणि उठून आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो. गल्लीत कोणी नव्हतं. एक कोंबडी होती, तिला माझ्याशी काही बोलायचं नव्हतं. परत आलो तोवर चहावर साय धरली होती.

"तुला माहीन माहीत आहे," मी चंदरला म्हणालो, "माहीनची अडचण माहीत नाही. ती ऐक."

माहीन माझ्या कैसची मुलगी. अलिबागला एका दवाखान्यात नर्स आहे. सुई अशी टोचते की टोचून झाल्यावर माणूस विचारतो, कधी टोचणार. कैस आखातात टगवर आहे. टग म्हणजे मोठ्या जहाजाला ओढून धक्क्याला लावणारी बुटकी बोट. माहीन चालायला शिकली तेव्हा कैस पाण्यावर होता, तिने नर्सचा पांढरा ड्रेस पहिल्यांदा घातला तेव्हा पाण्यावर होता, आणि आता त्याचे गुडघे जिना चढताना कुरकुरतात तरी तो पाण्यावरच आहे. गेल्या ईदला फोनवर मला म्हणाला, "बाबा, माहीनचं जर्मनीचं पक्कं झालं की मी उतरतो. त्याच्या आधी नाही."

झालं. मुलीच्या जाण्यावर बापाचं येणं लटकलं. तेव्हापासून आमच्या घरात कोणी धड जेवत नाही. हुस्नबानू, माझी बायको, डाळीला फोडणी देते आणि मग डाळ शिजत घातलीच नाही हे तिच्या लक्षात येतं.

"पण माहीन हुशार हाय," चंदर म्हणाला. "जर्मन फाडफाड बोलते. मध्यंतरी माझ्या रिक्षात बोलत होती."

"त्याच्यावर येतो मी. तू तिला खाली उतरवलंस, तेही सांगणार आहे."

चंदर उठून बसला.

तिचे सर म्हणजे निकेत सर. ते पुण्यातून फोनवर शिकवतात. सभ्य माणूस, चष्मा सारखा वर ढकलतो. मुलाखतीच्या आधी त्यांनी खोटी मुलाखत घेतली, सरावाला. मी पलीकडे चटईवर डोळे मिटून पडलो होतो, म्हणजे सगळं ऐकत होतो. आधी त्यांनी तिला मराठीतूनच विचारलं.

"रात्रीची वेळ आहे, तुमचा पेशंट पलंगावरून पडला. काय कराल?"

"पडणार नाही," माहीन म्हणाली.

"अहो, पडला असं धरून चालायचं."

"नाही पडणार सर. मी आहे ना तिथे."

"बरं, ते सोडा. डॉक्टरांना फोन लावला, ते आलेच नाहीत."

"येतील."

"नाही आले!"

"येतील हो सर. रस्त्यात असतील."

सरांनी चष्मा वर ढकलला. पुन्हा ढकलला. मग म्हणाले, "माहीन, वाईटातलं वाईट डोळ्यांसमोर उभं करून तुम्ही त्यात काय कराल, एवढंच ती बाई विचारणार आहे. ते न सांगणाऱ्या माणसाच्या हातात कोणी वॉर्ड देत नाही. जर्मनमध्ये न घडलेल्या गोष्टींसाठी क्रियापदाची वेगळी रूपं आहेत. अदबीने काही मागायचं झालं की तीच रूपं वापरतात. तुम्ही ती कागदावर बिनचूक लिहिता. तोंडाने का येत नाहीत?"

माहीनने मान वळवली. स्वयंपाकघराच्या दारात हुस्नबानू उभी होती, तिच्याकडे तिने पाहिलं.

"का नाही येत?" चंदरने विचारलं.

"तुझी आजी बोलायची का, तुझा आजा होडीवर असताना?"

चंदरचं तोंड उघडं राहिलं. त्याच्या आजाची होडी होती, बापाने ती विकली आणि चंदरने रिक्षा घेतली. पण लहानपणी कानावर पडलेलं जात नाही.

"व्हय की," तो म्हणाला. "आजी तोंडावर फटका मारायची. 'जर' न्हाय, 'तर' न्हाय."

"तेच ते दोघे भाऊ. तू बोल खुशाल, तुझं आता कोणी पाण्यावर नाही. मी नाही बोलणार."

आमच्या किनाऱ्यावर हे जुनं आहे, कोळ्यांच्या घरात आणि आमच्यातही. घरातला माणूस पाण्यावर आहे तोवर न घडलेलं तोंडातून काढायचं नाही. वाईट काढायचं नाही, आणि चांगलंसुद्धा ते दोन भाऊ लावून काढायचं नाही. होईल म्हणायचं, किंवा गप्प बसायचं. हुस्नबानू सांगते, समुद्रापुढे दोन दारं उघडी ठेवली की तो हटकून नको त्या दारातून आत येतो. इन्शाअल्लाह चालतं, कारण तिथे निवाडा वरचा करतो, पाणी करत नाही. होडीवाल्यांच्या घरात हा नेम चार दिवस पाळावा लागतो, होडी परत आली की सुटला. आमचा कैस परत येतो आणि महिनाभरात पुन्हा जातो. म्हणजे माहीनचं सगळं वय त्या नेमात गेलं. भातुकली खेळतानाही तिची बाहुली कधी आजारी पडली नाही. आणि तिला जर्मन माणसांनी विचारावं, पेशंट पडला आहे, बोला!

"मग काय केलंत?" चंदर.

"काय करणार? मीच शिकवलं. जर्मन."

"तुम्हाला कुठे येतं?"

"मला नाही येत? अरे, मला क्रेनने शिकवलंय."

मी आधीच म्हणालो होतो, कोणाचा विश्वास बसणार नाही. न्हावा शेव्याच्या बाजूला एका यार्डात मी काम करायचो, त्याचं नाव सांगत नाही, माणसं अजून हयात आहेत. कंटेनर साखळदंडांनी जहाजाला बांधायचं माझं काम. तिथे एक जर्मन क्रेन आणली. पिवळी, उंच, वर बघताना टोपी पडायची. तिच्याबरोबर एक साहेब आले, डीटर साहेब. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं, हिला हुकूम सोडू नका, ही चांगल्या घरातली आहे. आमचा येसाजी वर केबिनमध्ये बसायचा. तो उरणचा, तोंडाचा फाटका. तो ओरडला, "उचल!" क्रेन हलेना. "उचल गं भवाने!" क्रेनने तोंड फिरवलं.

"क्रेनला तोंड?"

"जिकडे हूक असतो तिकडे तोंड. मध्ये बोलू नको. मग डीटर साहेब खाली उभे राहिले, टोपी काढली आणि हळूच म्हणाले, क्योन्टेस्ट डू बिटं. म्हणजे, जमेल का गं तुला, जमण्यासारखं आहे का. शपथेवर सांगतो, कंटेनर असा वर गेला जसं नवरीचं डोकं वर होतं."

"चाचा..."

"पुढे ऐक. एक दिवस क्रेन स्वतः बोलली. इश हेटं गेर्न आइनं पाउझं. मला जरा विसावा हवा होता, असं म्हणाली. 'हवा होता', लक्षात घे. 'दे' नाही म्हणाली, 'पाहिजे' नाही म्हणाली. आम्ही तिला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. पुढे मुंबईहून एक नवा साहेब आला, त्याने तिला खेकसून हुकूम दिला. तिने कंटेनर वर नेला आणि सगळा पावसाळा खालीच आणला नाही. त्यात घारींनी घरटं केलं. पिल्लं उडून गेल्यावर खाली आणला."

चंदर हसून हसून सीटवरून घसरला. मी पुन्हा गल्लीच्या तोंडाशी जाऊन आलो. कोंबडीही निघून गेली होती.

परत येतो तेव्हा नीराबाई रिकामी पाटी घेऊन येताना दिसली. नीराबाई सुकी मासळी विकते, माझ्याहून थोडी लहान आहे आणि मला अरेतुरे करते. तिच्याइतकं खरं बोलणारी बाई या गावात नाही, म्हणून मी शक्यतो तिच्यासमोर बोलत नाही.

"कुठून?" मी विचारलं.

"मासळी इकून आले," ती म्हणाली. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग पाटी पालथी घातली आणि तिच्यावर बसली. "काय चाललंय?"

"चाचांच्या माहीनचा इंटरव्ह्यू झाला," चंदरने सांगितलं. "जर्मन बाई उठून उभी राहिली."

"व्हय?" नीराबाई म्हणाली. "चालू दे."

एवढंच बोलली. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण माझे पाय एका जागी ठरत नव्हते आणि तोंडही थांबत नव्हतं.

"क्रेनची युक्ती मी माहीनला सांगितली," मी पुढे सरकलो. "अदब आधी, बाकीचं मागून. आपल्याकडे हातउसने मागायला आलेला माणूस काय म्हणतो? 'जरा बोलायचं होतं.' अरे, होतं काय? आत्ताच बोलायचंय ना तुला? पण तो 'होतं' म्हणतो, मागे सरकतो, म्हणजे समोरच्याला पुढे यायला जागा होते. जर्मन माणूस तेच करतो. घडून गेलेल्याचा शब्द उचलतो. वार म्हणजे होता. त्याच्या डोक्यावर दोन ठिपके देतो, मागे थोडी शेपटी जोडतो, वेअरं. झालं, तो होता आता नुसता मनातला होता झाला. हाटं म्हणजे जवळ होतं. ठिपके दिले, हेटं. जवळ नाही, पण असावंसं वाटतं."

"हे क्रेनने सांगितलं?" चंदर.

"हे निकेत सरांनी सांगितलं. चटईवरून ऐकलं."

अदब माहीनने लगेच उचलली. पण न घडलेल्याचा सराव घरात करायचा कसा? हुस्नबानूला मी म्हणालो, अगं, ती जर्मनमध्ये बोलेल, आपल्या समुद्राला काय कळणार. हुस्नबानू म्हणाली, "समुद्र जर्मनीलाही लागतो. त्याला सगळ्या भाषा येतात." मी चपला घातल्या आणि माहीनला घेऊन घराबाहेर पडलो.

"म्हणून तू तिला माझ्या बोंबलांत आणलीस," नीराबाई म्हणाली.

"आणली. चूक झाली."

बांबूंच्या वलांड्यांवर तिचे बोंबील वाळत लटकलेले, वर लख्ख ऊन. माहीन तिथे फेऱ्या मारत सरांनी दिलेलं वाक्य पुटपुटत होती. नीराबाईने विचारलं, पोर काय म्हणतेय? माझ्या तोंडून निघून गेलं, पावसाबद्दल काहीतरी आहे.

"सुकत घातलेल्या मासळीत उभं राहून पावसाचं नाव!" नीराबाईला आठवणीनेही राग आला. "खराटा घेऊन धावले. पोरीच्या न्हाय, याच्या मागं."

"मग रिक्षात बसून सराव करत होती," मी चंदरकडे वळलो. "या गृहस्थाने काय केलं?"

"ती टायर पंक्चरचं बोलत होती!" चंदर म्हणाला. "मला हातवारे करून सांगितलंन, चाक, फुस्स, पेशंट रस्त्यात. मी म्हटलं, ताई, माझ्या गाडीत नको. उतर, हवं ते बोल, मग बस."

असं आहे सगळं. या किनाऱ्यावर ज्याची त्याची भीती वेगळी आणि तिला नाव घ्यायची बंदी. शेवटी मला एकच जागा सुचली, जिथे समुद्राला ऐकू जाणार नाही. तळा. डोंगरातलं गाव, माझी मुलगी तस्नीम तिथे दिलेली आहे. एसटी बदलत बदलत गेलो. चहूकडे डोंगर, भाताची शेतं, आणि तस्नीमच्या मागच्या अंगणात फणसाचं झाड. कान लावला तरी लाट नाही.

माहीन फणसाखाली बसली. मी म्हणालो, बोल, इथे कोणी नाही.

ती बराच वेळ पायाने पाला सरकवत बसली. मग हळूच अदबीचं म्हणाली, इश हेटं गेर्न आइनं टासं टे. एक कप चहा हवा होता. तस्नीमला जर्मनचं अक्षर येत नाही. ती उठली आणि चहा टाकायला गेली. माहीन हसली. मग पेशंट पडला. डॉक्टर आले नाहीत. लाइट गेली, औषध संपलं, पेशंटची मुलगी रडायला लागली. एकेक संकट ती घडवत होती आणि एकेकातून वाट काढत होती, पलंगाची कड वर घे, बेल हाताशी दे, जखम बघ, कोणाला आधी बोलव. मला शब्द कळत नव्हते, पण बाई वॉर्ड सांभाळतेय हे कळत होतं. जणू इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एका दुपारी बाहेर पडत होतं. तस्नीम चहा घेऊन दारातच उभी राहिली.

आणि मग माहीनने एक वाक्य म्हटलं जे सरांनी दिलेलं नव्हतं. वेन अब्बा त्सु हाउझं वेअरं. एवढं म्हणाली आणि पुढचं म्हणालीच नाही.

"म्हंजे काय?" चंदरने विचारलं.

"त्यात अब्बा आहेत. घर आहे. आणि शेवटी तो ठिपकेवाला वेअरं."

चंदरने बोटावर शब्द जुळवले. हळू म्हणाला, "अब्बा घरी असते तर."

"तू म्हणालास," मी म्हणालो.

टपरीवाल्याने स्टोव्ह बंद केला. नीराबाई समोर होड्यांकडे बघत होती.

"बोलून झालं आणि तिचा चेहरा पांढरा पडला," मी सांगत होतो. "उठली, फोन घेऊन रेंजसाठी अंगणभर फिरली. कैसला लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तस्नीम म्हणाली, कामावर असेल. माहीन म्हणे, बघा दादाजान, बोलले आणि झालं. मी सांगत होतो, इथे समुद्र नाही, त्याला ऐकू गेलं नाही. ती म्हणे, फोनमधून गेलं असेल. चहा तसाच राहिला. दिवस कलला तेव्हा कैसचा मेसेज आला, जहाज ओढत होतो, काय गं? माहीनने उत्तर पाठवलं, काही नाही, सहज. आणि माझ्यासमोर कान पकडले. म्हणाली, पुन्हा नाही बोलणार. मुलाखतीत विचारलं की सांगेन, पडणार नाही."

"मग तर गेलंच की सगळं," चंदर म्हणाला. त्याने आता दोन्ही पाय जमिनीवर टेकवले होते. "जर्मनीपण, कैसभाईपण."

"करमअलीची नात आहे ती. जाऊ देईन मी?"

घरी आलो. दोन बायका, एक आजी एक नात, दोघी तोंड शिवल्यासारख्या. मुलाखत तोंडावर आलेली. मी जेवायला बसलो आणि सहज म्हटल्यासारखं म्हणालो, "काय ते जर्मन लोक! नजरेला किती भितात."

हुस्नबानूचा हात थांबला. "ते आणि नजरेला?"

"आपण बाळाच्या गालाला काजळाची तीट लावतो ना? ते शब्दांना लावतात. न घडलेल्याचा शब्द आला की त्याच्या डोक्यावर दोन काळे ठिपके. उगाच का? नजर लागू नये, पाण्याने धरू नये, म्हणून. मला डीटर साहेबांनी सांगितलं. ते स्वतः जहाजवाल्या घरातले."

माहीनने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घालून जेवायला लागलो. तिला माझं खोटं दुरूनही ओळखू येतं. पण ती उठली. पुस्तक आणलं आणि दादीजानसमोर उघडून धरलं. हुस्नबानूने चष्मा लावला. वेअरं. हेटं. क्योन्टं. व्युर्डं. प्रत्येकाच्या डोक्यावर बोट ठेवून ठेवून बघितलं.

"दोन का? एक पुरते."

"थंड मुलुख आहे. तिथे नजर जाड असते."

"आणि हा वेन? याला नाही तीट."

"तो नुसता दार उघडणारा. खरा शब्द वाक्याच्या शेवटी उभा असतो, राखणदारासारखा. वाक्य बाहेर पडता पडता त्याला तीट लागतेच."

हुस्नबानू पानं उलटत गेली. एका शब्दावर थांबली. झोल्टं. त्याच्या डोक्यावर काही नव्हतं. मी चटईकडे बघायला लागलो. निकेत सरांनी त्याबद्दल काय सांगितलं होतं ते मला आठवत नव्हतं, झोप लागली होती तेव्हा.

"हा उघडा आहे," हुस्नबानू म्हणाली. "हा माझ्या घरात नको. बाकीचे म्हण."

असा परवाना मिळाला. त्या रात्रीपासून माहीन भांडी घासताना तीट लावलेले शब्द म्हणायला लागली, आणि एक झोल्टं तेवढा ओसरीवर जाऊन म्हणायची. दर वेळी एकदा फोन बघायची, पण म्हणायची.

"नि मग मुलाखत?" चंदर आता रिक्षातून उतरून माझ्यासमोर उकिडवा बसला होता. "ती बाई काय म्हणाली?"

मी उभा राहिलो. बसलो. गल्लीकडे पाहिलं.

"हां, मुलाखत," मी म्हणालो. "मुलाखत झाली. छान झाली. बाई म्हणजे पांढऱ्या केसांची, कपाळाला आठ्या, चष्म्यावरून बघणारी. तिने पहिलाच प्रश्न टाकला, पेशंट रात्री पलंगावरून पडला. मी दाराआडून ऐकतोय. माहीनने एकदा खाली पाहिलं, आणि मग अशी सुरू झाली, व्युर्डं आणि क्योन्टं, क्योन्टं आणि हेटं, एकेक शब्द तीट लावून, न्हाऊमाखू घालून. बाईच्या हातातलं पेन पडलं. आतल्या खोलीतून तिने बाकीच्या नर्सांना हाक मारली. त्या ओळीने येऊन उभ्या राहिल्या. एकीच्या डोळ्यांत पाणी. मग बाई खुर्चीवरून उठली आणि हात जोडले. आणि तिच्या खांद्यावरून कोण डोकावलं ओळख?"

"कोण?"

"डीटर साहेब. क्रेनवाले. तिचा सख्खा मामा."

चंदरने कपाळावर हात मारला. नीराबाई हलली नाही.

"बाई म्हणाली, कधी येताय? उद्याच या. मी तसाच बाहेर पडलो आणि कैसला फोन लावला."

"कैसला लावलास?" नीराबाईने पहिल्यांदा विचारलं.

"लावला."

"काय म्हणाला?"

"म्हणाला..." मी गार चहाचा उरलेला घोट घेतला. "म्हणाला, बाबा, मी उतरलो. सामान बांधतोय."

नीराबाई पाटीवरून उठली. पदर कमरेला खोचला. ती बोलते तेव्हा समोरच्या होडीवरच्या माणसालाही ऐकू जातं, आणि या वेळी तिने आवाज जरासुद्धा कमी केला नाही.

"खोटं हाय! साफ खोटं! आत्ता मी तुझ्याच दारावरनं आले, करमअली. हुस्नबानू उंबऱ्यात बसलेय, आल्यागेल्याला तोंडावर बोट ठेवून गप करतेय. तूच मध्ये बडबडशील म्हणून तिनं तुला बाहेर काढलाय, तिनंच सांगितलंन मला. पोरगी आत फोनपुढं बसलेय, अजून पलीकडनं कोण आलंबी न्हाय. कसलं पेन पडलं, नि कसला मामा! घडलंय काय अजून? झालं झालं काय करतोस? 'झालं तर' म्हण की सरळ!"

सगळा स्टँड माझ्याकडे बघायला लागला. टपरीवाला, अलिबागच्या सीटा भरणारे, मासळीच्या टोपल्या उतरवणाऱ्या बायका. मी तोंड उघडलं. मिटलं.

चंदर उठला, पँटची धूळ झटकली आणि माझ्या बाजूला येऊन उभा राहिला.

"कसे म्हणतील मावशी?" तो म्हणाला. "कैसभाई पाण्यावर हाय ना."